पडलेले मार्क आणि काउंटी कॉलेज

रविवारी सकाळी आमच्या विहाराच्या ओट्यावर मी दोन तास बसतो, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाची जातपडताळणी अडकलेली. मी काही वकील नाही की मास्तर नाही. कचेरीत वीस वर्षे कागद वाचतो आहे, तेवढाच काय तो अधिकार. पण गेल्या महिन्यात एकाच रविवारी एकाच विषयावर दोन माणसे आली, एक ओट्यावर आणि एक मोबाईलच्या पडद्यावर, आणि दोघांनाही उत्तर देताना माझी चांगलीच दमछाक झाली. म्हणून आज तोच विषय.

ओट्यावर आले ते आमच्या मागच्या गल्लीतले भाऊ. कारखान्यात फिटर. मुलगा दोनदा नीटला बसला, दोन्ही वेळा नंबर लागला नाही. भाऊंच्या हातात एक रंगीत पत्रक आणि पी.एफ.मधून पैसे काढायचा अर्ज होता. म्हणाले, "साहेब, तेवढा अर्ज भरून द्या. पोराला अमेरिकेला पाठवतो. तिथे म्हणे कम्युनिटी कॉलेज असतं. मार्क कमी असले तरी घेतात. दोन वर्षं तिथे काढली, मार्क चांगले पडले, की तिथूनच डॉक्टरीला जातो. नीट नको नि काही नको." पत्रकावर पहिल्या वर्षाचा खर्च होता २२ लाख. भाऊंचा पी.एफ. त्याच्या निम्माही नाही. उरलेल्यासाठी सोसायटीचे कर्ज, आणि गावाकडची दीड एकर.

मी म्हटले, अर्ज राहू द्या माझ्याकडे, पुढच्या रविवारी या.

खरे सांगायचे तर मलाही नीट माहिती नव्हती. पण योग असा की, तासाभरात न्यू जर्सीहून फोन आला. माझ्या मावसबहिणीची मुलगी. बहिणीचे यजमान पॉलिटेक्निक करून कॉम्प्युटरमध्ये शिरले आणि २००३ साली कंपनीने तिकडे पाठवले. मुलगी तिथेच जन्मली. मराठी बोलते, पण जरा अडखळत. "जयभीम मामा, आईला तुम्ही सांगा ना. ती माझं ऐकत नाही." तिच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले, आणि पोरगी रडवेली.

प्रकरण असे. तिला डॉक्टर व्हायचे आहे. शाळेत हुशार. विद्यापीठात गेल्यावर पहिल्याच वर्षी जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित एकदम घेतले, वर एका औषधाच्या दुकानात आठवड्याला वीस तास नोकरी. रसायनशास्त्रात डी पडला, जीवशास्त्रात सी. दुसरे वर्ष थोडे बरे गेले. पण दोन वर्षांचे मिळून जे सरासरी गुण झाले ते ४ पैकी २.७. आता उन्हाळ्याच्या सुटीत जवळच्या काउंटी कॉलेजात जाऊन ते दोन विषय पुन्हा करायचे असे तिने ठरवले. आई म्हणते, विद्यापीठात शिकणारी मुलगी काउंटी कॉलेजात जाणार? इथल्या आपल्या लोकांना काय सांगू?

माझ्या तोंडून पटकन निघून गेले, "अगं, मग सगळेच विषय पुन्हा कर ना तिथे! फी कमी, मार्क जास्त." त्यावर ती हसली. "मामा, तसं नसतं ते." मग तिने मला जे समजावले आणि पुढचे तीन आठवडे मी स्वतः जे वाचून काढले, ते वाचकांसमोर मांडतो.

आधी तिथली रीत समजून घेऊ. आपल्याकडे बारावी झाली, नीट दिली, की पोरगे थेट एम.बी.बी.एस.ला. अमेरिकेत तसे नाही. बारावीनंतर आधी चार वर्षांची साधी पदवी करायची, कोणत्याही विषयात. त्यातच जीवशास्त्र, साधे रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवरसायन असे विषय प्रयोगशाळेसकट उरकून घ्यायचे. मग एमकॅट नावाची परीक्षा. तिचे गुण ४७२ पासून ५२८ पर्यंत. मग अर्ज. त्यानंतर चार वर्षांचे मेडिकल कॉलेज. तिथे गुणवत्ता यादी लागत नाही, कॅप राउंड नाही. प्रत्येक मेडिकल कॉलेज आपले आपण ठरवते: पदवीचे गुण, एमकॅट, शिक्षकांची पत्रे, दवाखान्यात केलेले काम आणि शेवटी मुलाखत. दरवर्षी ५० हजारांच्या वर अर्ज येतात आणि २३ हजारांच्या आसपास जागा भरतात. ज्यांना प्रवेश मिळतो त्यांची पदवीची सरासरी ४ पैकी ३.७५ च्या पुढे असते, आणि एमकॅटची ५११-५१२ च्या घरात. आता २.७ घेऊन बसलेल्या मुलीची झोप का उडाली हे कळेल.

आणि कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय? इलिनॉय राज्यात जोलिएट नावाचे गाव आहे. तिथे १९०१ साली हायस्कूलच्याच आधाराने सहा विद्यार्थ्यांवर एक दोन वर्षांचे कॉलेज सुरू झाले. घर न सोडता, गावातच पदवीची पहिली दोन वर्षे करता यावीत एवढाच हेतू. ते कॉलेज आजही चालू आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परत आले, त्यांच्या शिक्षणाची सोय करायची होती. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजे गावोगाव काढावीत असे सुचवले, आणि पुढे ती वाढत गेली. आज साऱ्या देशात हजाराच्या आसपास असतील. न्यू जर्सीत जिल्हावार अशी १८ आहेत, म्हणून तिथले लोक त्यांना काउंटी कॉलेज म्हणतात. प्रवेशाला मार्कांची अट नाही. वर्ग सकाळी, दुपारी, संध्याकाळी, शनिवारीसुद्धा. एकाच बाकावर अठरा वर्षांचा मुलगा, दोन लेकरांची आई आणि पन्नाशीचा ट्रकचालक. तिथेच परिचारिकेचा अभ्यासक्रम, तिथेच गाडी दुरुस्तीचा, आणि तिथेच विद्यापीठात चालणारे रसायनशास्त्र. स्थानिक विद्यार्थ्याला वर्षाची फी सरासरी ४ हजार डॉलरच्या आसपास. सरकारी विद्यापीठात तीच राज्यातल्या विद्यार्थ्याला ११ हजारांच्या वर.

हे वाचताना मला माझे सकाळचे कॉलेज आठवले. साडेसहाला पहिला तास, दहाला सुटून धावत लोकल, अकराला कचेरीत सही. बी.कॉम. झालो तेव्हा एका नातेवाइकाने विचारले होते, "सकाळचं ना? मग ठीक." त्या 'मग ठीक'चा अर्थ मला तेव्हाही कळला होता. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले ते नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग घेऊनच. आपल्यातल्या किती घरांत पहिला पदवीधर अशा वेळेला शिकून झाला, हे ज्याचे त्याने मोजावे. म्हणून बहिणीला मी पहिल्याच फोनवर सांगितले, "ताई, काउंटी कॉलेजची लाज आपण धरायची नाही. लाज धरायची तर मग माझीही धर." ती गप्प बसली. पण लाज सोडली म्हणून मार्क सुधारतात असे नाही. तो हिशेब वेगळा आहे, आणि हिशेब हा माझ्या आवडीचा विषय.

तिकडे प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. साधा विषय तीन, प्रयोगशाळेसह चार. ए म्हणजे ४ गुण, बी ३, सी २, डी १, नापास शून्य. क्रेडिट गुणिले गुण, त्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. झाली सरासरी. आपला मासिक भिशीचा हिशेब याहून अवघड असतो.

आता भाचीचे बघा. ६० क्रेडिट, सरासरी २.७, म्हणजे १६२ गुण. उन्हाळ्यात काउंटी कॉलेजात रसायन आणि जीवशास्त्र, चार-चार क्रेडिट, दोन्हींत ए पडला असे धरू. ३२ गुणांची भर. १९४ भागिले ६८. उत्तर २.८५. अख्खी सुटी घालवून, रात्रीचा दिवस करून, २.७ चे २.८५! मी दोनदा मांडून पाहिले. तेच आले.

इथे वाचक विचारतील, डी गेला आणि त्या जागी ए आला, मग जुना डी मोजायचा कशाला? हाच खरा गुंता आहे. अनेक विद्यापीठे आपल्या घरच्या हिशेबात जुना मार्क काढून नवा धरतात, तोही बहुधा विषय तिथेच पुन्हा केला तर. काउंटी कॉलेजातून विषय करून आलात तर विद्यापीठ सहसा क्रेडिट घेते पण ग्रेड घेत नाही. म्हणजे घरच्या मार्कपत्रिकेवर काहीच हलत नाही. उलट मेडिकलचा अर्ज जिथे जातो तिथला हिशेब निराळा. एम.डी. कॉलेजांचे बहुतेक अर्ज ॲमकास नावाच्या एका सामाईक कचेरीमार्फत जातात. ती कचेरी विद्यार्थ्याने बारावीनंतर जिथे जिथे एक विषय जरी केला असेल त्या प्रत्येक कॉलेजाचा उतारा मागते, सातबारासारखा, फेरफारासह. आणि सगळे मोजते. पहिला डीसुद्धा, नंतरचा ए सुद्धा. चार क्रेडिटचा डी म्हणजे ४ गुण, चार क्रेडिटचा ए म्हणजे १६, दोन्ही मिळून २० भागिले ८, त्या विषयात सरासरी अडीच. डी पुसला जात नाही. त्याच्या शेजारी ए येऊन बसतो, एवढेच.

कुणी म्हणेल, एखादे कॉलेज कळवलेच नाही तर? तसे करू नये. सगळे उतारे द्यावेत अशी स्पष्ट अट आहे, आणि लपवलेले उघडे पडले की अर्जासकट माणूस बाद.

तिकडे डॉक्टर होण्याची दुसरीही वाट आहे, डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपथीची पदवी. नाव वेगळे, पण अमेरिकेत तो पूर्ण डॉक्टर असतो, औषध देतो, शस्त्रक्रिया करतो. त्या कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवा मार्क जुन्याच्या जागी बसत असे, आणि त्या आधारावर पुष्कळांनी काउंटी कॉलेजात विषय पुन्हा करून आपली सरासरी झपाट्याने वर नेली. २०१७ पासून ती सवलत बंद झाली. आता तिथेही सगळे प्रयत्न मोजतात. भाचीला तिच्या ओळखीच्या एका दादाने जुनीच माहिती दिली होती, त्याच्या वेळची. जाणत्या माणसाने सांगितलेली गोष्टही किती वर्षांपूर्वीची आहे हे विचारून घ्यावे. ओट्यावर बसून मी हे दर रविवारी सांगतो आणि स्वतः मात्र पहिल्याच फोनवर 'सगळे विषय पुन्हा कर' म्हणून बसलो होतो.

टेक्सास राज्यात मात्र एक मजेशीर कायदा आहे. तिथल्या रहिवाशाचे मार्क दहा वर्षांहून जुने असतील तर ते सगळेच्या सगळे बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करता येते, राज्याच्या सरकारी संस्थांपुरती. अट अशी की सगळे जुने सोडायचे, आवडीचे ठेवून नावडते टाकायचे नाही. कुणी तरुणपणी नापास झालेला, मग दहा-बारा वर्षे रुग्णवाहिकेवर राबलेला माणूस पुन्हा शून्यापासून उभा राहू शकतो. हा कायदा वाचून मी बराच वेळ बसून होतो. आपल्याकडे दहावीची मार्कलिस्ट माणसाच्या मयतीपर्यंत बरोबर येते.

असो. तर २.८५ वर गाडी अडली का? नाही. पुढे मांडले. राहिलेल्या दोन वर्षांत विद्यापीठात ६० क्रेडिट, सरासरी ३.८ पडली तर एकूण ४२२ भागिले १२८, म्हणजे ३.३०. पदवीनंतर आणखी एक वर्ष विज्ञानाचे २४ क्रेडिट ३.९ ने केले तर ३.३९. म्हणजे तीन वर्षे जवळजवळ चूक न करता अभ्यास केला, तरी ३.४ च्या खालीच. बहिणीला मी हा आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मग एवढं करून उपयोग काय?" मलाही आधी तसेच वाटले होते.

पण निवड करणारे केवळ एकच आकडा बघत नाहीत. ॲमकास विज्ञान आणि गणिताची सरासरी वेगळी काढते, आणि पहिले वर्ष, दुसरे वर्ष, तिसरे, चौथे, पदवीनंतरचे, असे प्रत्येक टप्प्याचे आकडे वेगळे छापते. म्हणजे अर्ज वाचणाऱ्याला चढण दिसते. पहिल्या दोन वर्षांत विज्ञानात जेमतेम २.३ असलेली मुलगी नंतरच्या ५२ क्रेडिटमध्ये ३.८५ घेते, हे कागदावरच दिसते. वर एमकॅट चांगली गेली तर तो मार्क खोटा नाही याची खातरी पटते. एकूण सरासरी ३.४ च्या खाली असूनही दरवर्षी काहीजण आत जातात, आणि डी.ओ. कॉलेजांची सरासरी एम.डी.पेक्षा थोडी खाली असते. दार बंद नाही. अरुंद आहे.

आता प्रश्न काउंटी कॉलेजातल्या ए ची किंमत किती. याबाबत तिकडे एकमत नाही. काही मेडिकल कॉलेजे हे विषय बिनतक्रार घेतात. काही म्हणतात, घेऊ, पण वरच्या पायरीचे विज्ञान विद्यापीठात करून दाखवा. काही आपल्या नियमावलीत चार वर्षांच्या संस्थेतलेच विषय बरे असे लिहितात. ज्याने घरच्या परिस्थितीमुळे सुरुवातच काउंटी कॉलेजातून केली त्याच्याकडे एका नजरेने बघतात. जो विद्यापीठात राहून नेमके अवघड विषय तेवढे तिथे जाऊन करतो, त्याच्याकडे दुसऱ्या. दुसऱ्यावर संशय येतो की हा पळवाट काढतो आहे. त्यामुळे भाचीने शेवटी ठरवले ते असे: डी पडलेले रसायन काउंटी कॉलेजात पुन्हा करायचे, कारण तो पाया आहे आणि अनेक मेडिकल कॉलेजे सी च्या खालचा मार्क मान्य करत नाहीत. जीवशास्त्राचा सी तसाच ठेवायचा. तो पुन्हा करून काही हाती लागत नाही, त्यापेक्षा विद्यापीठात वरचे जीवशास्त्र घेऊन त्यात ए काढायचा. जीवरसायन विद्यापीठातच. सेंद्रिय रसायनाचे तळ्यात-मळ्यात आहे. आणि सुटीत सहा-आठ आठवड्यांत कोंबून शिकवतात त्या वर्गाला नोकरी सांभाळून जायचे नाही. आधीचा डी नोकरीमुळेच पडला होता, हे तिला आता मान्य आहे. घरी सांगितले नव्हते इतकेच. फीच्या पैशासाठी बापाला हात पसरायला नको म्हणून पोरगी दुकानात उभी राहत होती, आणि आईबापाला वाटत होते की अभ्यासात लक्ष नाही. फोनवर हे निघाले तेव्हा मावसबहीण आणि मी दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही.

पैशाचे एक महत्त्वाचे सांगतो, कारण तिकडे नातेवाईक असलेली आणखी काही घरे हे वाचत असतील. पदवी हातात पडण्याआधी गरजू विद्यार्थ्याला केंद्र सरकारची पेल नावाची मदत मिळू शकते, ती परत करावी लागत नाही, आणि काउंटी कॉलेजातही चालते. एकदा पदवी झाली की ती मदत सहसा बंद. म्हणजे विषय सुधारायचे तर पदवीच्या आत सुधारलेले स्वस्त पडतात. मेडिकलचा खर्च चार वर्षांचा राहण्या-जेवण्यासह अडीच लाख डॉलरच्या पुढे जातो. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्याला अशा अभ्यासक्रमासाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच ठेवले आहे. उरलेले स्वतःचे किंवा खासगी कर्ज. तेव्हा हा हिशेबही आताच मांडलेला बरा.

आता भाऊंकडे येतो. तीन आठवडे त्यांचा अर्ज माझ्या पिशवीत होता.

भाची अमेरिकेची नागरिक आहे. भाऊंचा मुलगा तिथे जाईल तो विद्यार्थी व्हिसावर. कम्युनिटी कॉलेज त्याला घेईल, यात खोटे काही नाही, तिथे परदेशी मुले शिकतातच. पण त्याला स्थानिक फी लागत नाही, कितीतरी जास्त लागते. पहिल्या वर्षाचे पैसे आहेत हे आधी दाखवावे लागते. कॉलेजच्या आवाराबाहेर मनासारखी नोकरी करता येत नाही, आणि आवारात सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची मर्यादा. दोन वर्षांनी मिळते ती दोन वर्षांची पदवी. तिच्यावर मेडिकलला कुणी घेत नाही. आणखी दोन वर्षे विद्यापीठ, तिथली फी याहून मोठी. आणि ते सगळे ए मिळवून पार पडले तरी अमेरिकेतली बहुतेक मेडिकल कॉलेजे परदेशी नागरिकांचे अर्जच घेत नाहीत. जी थोडी घेतात त्यांतली काही चार वर्षांची फी आधी बँकेत बाजूला ठेवून दाखवा म्हणतात. सरकारी कर्ज त्यांना नाहीच. पत्रकावर 'तिथूनच डॉक्टरी' एवढे एक वाक्य होते. त्या वाक्यातली 'तिथूनच' म्हणजे किती वर्षे आणि किती रुपये, हे छापलेले नव्हते.

'नीट नको' हेही अर्धेच. परदेशात जाऊन थेट डॉक्टरीची पहिली पदवी घ्यायची आणि भारतात परत येऊन काम करायचे, तर २०१८ पासून नीटमध्ये पात्र होणे आवश्यक केले आहे. रशिया, किर्गिझस्तान वगैरे ठिकाणी पाठवू म्हणणाऱ्यांनाही वाचकांनी हेच पहिले विचारावे.

हे सगळे मी भाऊंना ओट्यावर कागदावर लिहून दाखवले. वर्षे एका रकान्यात, रुपये दुसऱ्या. भाऊ बोलले नाहीत. मुलगा बरोबर आला होता, तो म्हणाला, "काका, मग आपल्याकडे का नाही अशी सोय? एकदा पडलं की पडलंच?"

त्याला काय सांगणार? आपल्याकडे बोर्डाची श्रेणीसुधार परीक्षा आहे, पण एम.बी.बी.एस.साठी तिचा फारसा उपयोग नाही. तिथे बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते बघतात, भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि आपल्याला ४०. पुढे सगळे नीटवर, ७२० पैकी जे पडतील ते. तीन तासांत एक दुपार. चढण कुणी बघत नाही. मात्र एक गोष्ट आपल्या रीतीत बरी आहे, आणि ती मी त्याला सांगितली. नीटचा जुना मार्क नव्याच्या शेजारी येऊन बसत नाही. गेल्या वेळचे गेले. यंदाचे तेवढेच मोजतात. प्रयत्नांना मर्यादा नाही, वयाची वरची अटही २०२२ मध्ये काढली आहे. भाचीला तिचा डी जन्मभर बरोबर न्यायचा आहे, याला नाही.

पण म्हणून तिसऱ्यांदा बस असे मी डोळे मिटून सांगितले नाही. पहिल्या वेळी २९८ होते, दुसऱ्या वेळी ३३१. एका वर्षात ३३ वाढले, आणि ते वर्ष क्लासच्या ७० हजारांचे होते. कुठे अडते असे विचारले तर म्हणाला, भौतिकशास्त्र. मग विचारले, घरी अभ्यासाला जागा? तर एका खोलीत पाच माणसे आणि टीव्ही. रात्री अकरानंतर दिवाबत्तीच्या खांबाखाली नाही, पण जिन्यातल्या ट्यूबखाली वाचतो म्हणाला. क्लासवाल्याने हे कधी विचारले नव्हते. विहाराच्या वरच्या खोलीची किल्ली मंडळाकडे आहे. संध्याकाळी सहा ते अकरा ती आता त्याच्याकडे आणि आणखी तिघांकडे असते. भौतिकशास्त्रासाठी आमच्यातला एक निवृत्त मास्तर आठवड्यातून दोनदा येतो, चहावर. बरोबरीने बी.एस्सी.ला नाव घालायला लावले आहे, म्हणजे वर्ष कोरे जाणार नाही. नीटच्याच मार्कांवर आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्याही जागा भरतात, त्या फेऱ्यांचे अर्ज त्याने दोन्ही वर्षी भरलेच नव्हते. कुणी सांगितले नाही म्हणे. ती चूक त्याची नाही, आमची ओट्यावाल्यांची आहे. जातवैधता आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवले. शासकीय जागा लागली तर शिष्यवृत्तीमुळे भाऊंचा पी.एफ. शाबूत राहील.

पत्रकवाल्याचा भाऊंना दोनदा फोन येऊन गेला. जागा संपत आल्या म्हणतो. भाऊंनी दुसऱ्या वेळी त्याला विचारले, "चार वर्षांची फी बँकेत ठेवून दाखवायला लागते का?" तेव्हापासून फोन नाही.

न्यू जर्सीत भाचीचा रसायनाचा वर्ग सुरू झाला आहे. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा ते नऊ, प्रयोगशाळा वेगळी. शेजारच्या बाकावर एक नर्सबाई आहेत, वय बेचाळीस, त्यांचे सगळे गणित पाठ. औषधाच्या दुकानातली नोकरी आठवड्याला आठ तासांवर आणली. आणलेले पैसे कमी झाले ते बाप देतो, आणि ती आता घेते. मावसबहिणीने तिथल्या मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारले तेव्हा सांगितले, मुलगी काउंटी कॉलेजात रसायनशास्त्र पुन्हा करते आहे. त्यावर दोन बायकांनी तिला बाजूला घेऊन त्या कॉलेजचा पत्ता विचारला.

भाऊंचा अर्ज अजून माझ्या पिशवीतच आहे, कोरा. परवा मागितला तर देईन म्हटले, पण त्यांनी मागितला नाही.